अंगणातली डिलाइट आणि आईचं एक वाक्य

पत्र:

बाबांना जाऊन चौदा महिने झाले. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराच्या अंगणात त्यांची आकाशी रंगाची फियाट उभी आहे, 1967ची 1100 डिलाइट. बाबा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. 1984मध्ये त्यांनी ती मिरजेच्या एका डॉक्टरांकडून घेतली. मी तिच्यातून शाळेत गेले आणि लग्नाच्या हॉलवरही तिच्यातूनच गेले. 2005च्या पुरात सीटपर्यंत पाणी चढलं. बाबांनी वर्षभर खपून इंजिन खोललं, जोडलं. टॉर्च धरायला मी असायचे. 2019ला पाणी चढायला लागलं तेव्हा घरातलं सामान माळ्यावर टाकायच्या आधी त्यांनी गाडी विश्रामबागला मित्राच्या दारात नेऊन लावली. ते गेल्यापासून ती सुरू झालेली नाही. मी पुण्यात, फ्लॅटला एकच पार्किंग. दादा न्यू जर्सीत. तो म्हणतो, बाबांची शेवटची आठवण आहे, विकायचं नाव काढू नका. माझे यजमान म्हणतात, भावनेपायी पत्रा सडवू नका. कोल्हापूरचे एक गृहस्थ दोनदा येऊन गेले. ‘ही डुक्कर फियाट आता कोण घेणार, 1,60,000 रोख देतो, उद्या टो करून नेतो’ म्हणाले. आरसी बाबांच्याच नावावर आहे, तिची मुदत पुढच्या वर्षी संपते. मृत्युपत्र नाही. आई म्हणते, तुम्ही दोघं काय ते ठरवा, गाडी हलली तर तुळस उन्हात सरकवता येईल. विकली तर बाबांनाच विकल्यासारखं वाटेल. ठेवली तर सांभाळणार कोण?
– फियाटवाली, पुणे

प्रिय फियाटवाली,

तुमचं पत्र सात पानांचं होतं, वर छापलंय ते कात्री लावून. सातही पानं वाचून झाल्यावर मी पेन्सिल घेऊन एक रिकामटेकडा उद्योग केला. कोण किती वेळा आलंय ते मोजलं. बाबा एकेचाळीस वेळा. दादा अकरा. कोल्हापूरचे गृहस्थ सहा. आई एकदा.

आणि त्या एका वेळी, एवढ्या सगळ्यांत फक्त तिनेच आपल्याला काय हवंय ते सांगून टाकलंय. तुम्ही ते ‘आई तटस्थ आहे’ अशा अर्थाने लिहिलेलं दिसतं, कारण मूळ पत्रात पुढच्याच ओळीत तुम्ही पुन्हा दादाकडे वळलात. पण ‘तुम्ही दोघं काय ते ठरवा’ हे आपल्याकडच्या आयांचं वाक्य कधीच पूर्ण नसतं, खरं म्हणणं त्याच्या शेपटीत असतं. तुळस उन्हात सरकवायची आहे. बेचाळीस वर्षं त्या अंगणातलं ऊन गाडीने घेतलंय. तुळस कुठेतरी भिंतीच्या सावलीत उभी असणार आणि दर पावसाळ्यानंतर तिची पानं झडत असणार. बाबा असताना ती हे बोलली नाही. आता बोलली, तर ते तुमच्या कानावरून गेलं.

मी तुमच्यावर डाफरत नाहीये. माझ्याकडून याहून वाईट झालंय. पण तुम्ही मला विचारलंत ‘ठेवू की विकू’, आणि माझा पहिला प्रश्न आहे, हे ठरवायचं कुणी? भावनेचं सोडा, कायद्याने बघा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे ही गाडी आज आईची, दादाची आणि तुमची आहे, सारख्या हिश्शाने (तुमच्या आजी हयात नाहीत असं धरतो, असतील तर त्यांचाही हिस्सा). म्हणजे तुम्ही दोघं जी गाडी वाटून घ्यायला बसला आहात, तिची तिसरी मालकीण स्वयंपाकघरात चहा करतेय. या शनिवारी सांगलीला जा. फोनवर विचारू नका, फोनवर ती पुन्हा ‘तुम्ही ठरवा’च म्हणेल. अंगणात खुर्च्या टाकून बसा आणि तिला विचारा, गाडी इथे नको आहे का? नको असण्यात काही वाईट नाही असं तुमच्या तोंडून आधी तिला ऐकू येऊ दे. कदाचित उलटंही निघेल. कदाचित ती म्हणेल, असू दे, मला तिची सवय आहे, तुळस मी गच्चीत नेते. तसं झालं तर माझं पुढचं अर्धं उत्तर फाडून टाका.

आता माझी गोष्ट, थोडक्यात. आमच्या वडिलांची अँबेसिडर होती, मार्क टू. ते गेले तेव्हा आम्ही तिघे भाऊ. विकायला कुणीच तयार नव्हतं आणि चालवायलाही कुणी तयार नव्हतं. गावच्या घरामागे फणसाखाली ती उभी केली, वर निळी ताडपत्री बांधली आणि भिजत घोंगडं ठेवून तिघे तीन शहरांत गेलो. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली ओल कोंडते हे तेव्हा कुणाला माहीत? गाडी उघड्यावर जितकी सडली असती त्याहून जास्त त्या पांघरुणाखाली सडली. उंदरांनी मागच्या सीटच्या काथ्यात संसार थाटला. नऊ वर्षांनी भंगारवाला आला तेव्हा चाकं जागच्या जागी जाम झालेली, ओढूनही हलेना. त्याने गॅस कटरने तिचे दोन तुकडे केले आणि काट्यावर चढवले. किती पैसे आले ते सांगत नाही, त्यातून आम्हा तिघांचं परतीचं एसटीचं तिकीट निघालं. आम्ही ती कधी विकली नव्हती, याचा नऊ वर्षं आम्हाला केवढा अभिमान होता!

तेव्हा ‘विकायची की ठेवायची’ हा तुमचा प्रश्न मला पटत नाही. मी असं विचारेन, दर पंधरवड्याला किल्ली फिरवून तिला आठ-दहा किलोमीटर कोण फिरवून आणणार? त्या माणसाचं नाव सांगा. नाव असेल तर ठेवा. नसेल तर तुम्ही तिला ठेवत नाही आहात, फक्त तिच्या मरणाची तारीख पुढे ढकलताय. चौदा महिने आधीच गेलेत.

ती गाडी म्हणजे नक्की काय चीज आहे, हे आधी नीट कळू दे, म्हणजे कोल्हापूरकरांच्या बोलण्याचाही अंदाज येईल. वालचंद हिराचंद यांनी 1944मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. (विश्रामबागेतलं इंजिनिअरिंग कॉलेज याच वालचंदांच्या नावाचं. 2019च्या पुरात गाडी तिथे आसपास आसऱ्याला गेली होती, म्हणजे तशी माहेरीच गेली म्हणा.) डिलाइट 1964च्या सुमारास आली. 1972मध्ये हीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974पासून पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लागून गिअरचा दांडा, पुढे सलग सीट. ‘डुक्कर’ म्हणतात ती त्याआधीची, 1950च्या दशकातली गोलमटोल फियाट, जिच्या पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असायच्या. कोल्हापूरच्या गृहस्थांना हा फरक कळत नसेल तर ते जाणकार नाहीत. आणि कळत असूनही ते डुक्कर म्हणत असतील तर भाव पाडायला म्हणतायत. दोन्हीकडून उत्तर एकच, त्यांना उद्याचा टो रद्द करायला सांगा.

पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या तोंडावर थांबलं आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023मध्ये रस्त्यावरून उतरली. त्याचं आपल्याला काय? सांगतो. इतकी वर्षं हजारो टॅक्सींमुळे या गाडीचे यांत्रिक सुटे भाग मुबलक मिळत आले. ब्रेकचे सिलिंडर, क्लच प्लेट, बेअरिंग, गॅस्केट अजूनही मुंबई-पुण्याच्या जुन्या स्पेअर पार्टवाल्यांकडे निघतात, आणि नाही निघाले तर तुमच्या शेजारी कोल्हापूरचं उद्यमनगर आहे, तिथल्या लेथवर माणसं काय वाटेल ते करून देतात. मात्र जे फक्त डिलाइटचं आहे ते मिळणं मुश्कील. पुढची जाळी, कडेच्या चकचकीत पट्ट्या, मागचे दिवे, मीटरची काच. कुणी ‘पॉलिश करून आणतो’ म्हणून यातलं काही सोडवून नेत असेल तर नेऊ देऊ नका. गाडीची किंमत इंजिनात कमी आणि या फुटकळ दिसणाऱ्या वस्तूंत जास्त आहे.

दुसरी किंमत पत्र्यात. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे दरवाज्याखालचे उंबरे आणि पायाखालचा पत्रा खाल्ला गेला असेल तर ते नुसतं दिसण्याचं काम राहत नाही. 2005चं पुराचं पाणी तिथेच बसलेलं असणार. एक लोहचुंबक घ्या, फडक्यात गुंडाळा आणि उंबऱ्यांवरून, चाकांच्या कमानींवरून फिरवा. चुंबक चिकटत नसेल तिथे आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग पायाखालची मॅट उचलून पेचकसाचा दांडा हलकेच दाबून बघा. फिजिक्सच्या सरांच्या मुलीला मी हे सांगावं म्हणजे जरा जास्तच झालं, पण चुंबकाचा हा प्रयोग मिस्त्रीवर सोडू नका, स्वतः करा. त्या पाच मिनिटांत तुम्हाला कोल्हापूरकरांच्या दोन भेटींपेक्षा जास्त कळेल.

आणि गाडी सुरू करून बघायचा मोह होईल तो आवरा. टाकीतलं पेट्रोल चौदा महिने जुनं आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि तुमच्या गाडीतल्या जुन्या रबरी नळ्या, इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा पडदा असल्या गोष्टी मऊ करतं. बाबांचे जे मिस्त्री असतील (असणारच, फियाटवाल्या प्रत्येक माणसाचा एक मिस्त्री असतो आणि त्याच्याशी त्याचं बायकोपेक्षा जास्त बोलणं होतं) त्यांना बोलवा. आधी टाकी रिकामी, कार्बोरेटर साफ, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल, मग वरच्या गिअरमध्ये टाकून गाडी हाताने पुढे-मागे हलवून इंजिन मोकळं फिरतंय का बघणं. ब्रेक तपासणं. त्यानंतर किल्ली. या कामाला एक-दोन दिवस आणि काही हजार रुपये लागतील. ते विकायची असली तरी खर्च करा. बंद गाडीचा भाव घेणाऱ्याच्या भीतीवर ठरतो. चालू गाडीत निदान तुम्हाला बोलायला जागा राहते.

कागदांकडे येतो. हा भाग रटाळ आहे, पण सगळ्यात जास्त पैसे आणि मनस्ताप इथेच जातो.

मालकाचं निधन झालं की वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असा नियम आहे. तुम्ही ती मुदत ओलांडलीत, बरेच लोक ओलांडतात. थोडा दंड बसेल, काम अडणार नाही. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी आणि बाकीच्या वारसांचं नाहरकतीचं प्रतिज्ञापत्र. दादाचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवावं लागेल, म्हणून त्याला आजच सांगा. तो ते किती दिवसांत पाठवतो यावरून बाकीही बरंच कळेल.

नाव कुणाचं लावायचं? माझं मत, आईचं. आणि हे झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाऊ देऊ नका. ‘ताई, तुम्ही नुसत्या फॉर्म 29 आणि 30वर (गाडी घेणाऱ्याच्या नावावर करायचे अर्ज) सह्या करून ठेवा, तारखा मी टाकतो’ असं सांगणारा हमखास भेटेल. सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला जबाबदार मालक तोच, मग गाडी प्रत्यक्षात चार हात पुढे गेलेली का असेना. उद्या तिकडे कुणाला धडकली तर नोटीस गावभागात येईल, तुमच्या दिवंगत बाबांच्या नावाने.

आरसीची मुदत पुढच्या वर्षी संपतेय तेव्हा तुमच्यापुढे दोन वाटा आहेत, आणि याबद्दल लोकांच्या डोक्यात खूप गोंधळ आहे. पहिलं म्हणजे दिल्लीतला पंधरा वर्षांचा नियम महाराष्ट्रात नाही. इथे खाजगी गाडी तपासणीत पास झाली आणि पर्यावरण कर भरला की दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. वीस वर्षांवरच्या कारसाठी केंद्राने 2025मध्ये नोंदणी वाढवण्याचं शुल्क दुप्पट करून 10,000 रुपये केलंय, पण वाट बंद नाही. दुसरी वाट म्हणजे विंटेज नोंदणी. 2021च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, धंद्यासाठी न वापरलेली आणि मूळ रूपात सांभाळलेली गाडी विंटेज ठरते. तुमची पन्नाशी केव्हाच ओलांडून गेलीय. शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. जुना तीन अक्षरी नंबर अजून पाटीवर असेल तर तो घालवू नका, शौकीन लोक त्याच्यासाठी जीव टाकतात. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता विंटेज गाडीला निम्मा पडतो.

मग लगेच विंटेज करून टाकू? थांबा. विंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे कागदावर मान वाढतो, पण आईला घेऊन सांगलीच्या गणपतीला जाता येत नाही. तुम्ही ठेवणार असाल तर साधं नूतनीकरण करा आणि चालवा. विंटेजचं ज्याला वेड आहे तो विकत घेऊन करेलच.

दादाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, पण त्याच्यावर अन्याय करायचा नाही. बाप गेल्यावर परदेशातल्या मुलाची अवस्था वेगळी असते. त्याला इथलं सगळं जिथल्या तिथे हवं असतं, कारण तो येईल तेव्हा त्याला त्यातून चालत जायचं असतं. घर तेच, अंगण तेच, गाडी तीच. हे प्रेम खरं आहे. फक्त ते फुकटात चाललंय, त्याचं भाडं आई भरतेय, उन्हाच्या रूपात. त्याला भांडणाचा मेसेज पाठवू नका, एक हिशेब पाठवा. तृतीय पक्ष विमा (1000 ते 1500 सीसीचा 2022मध्ये ठरलेला मूळ दर वर्षाला 3,416 रुपये), नोंदणी आणि पर्यावरण कर, मिस्त्रीचं वर्षाचं काम, बॅटरी, टायर, गावभागाबाहेर पुराच्या पाण्यापासून लांब भाड्याची शेड, आणि पंधरवड्याला गाडी फिरवणाऱ्या माणसाचे पैसे. मिस्त्रीकडून आकडे घ्या, बेरीज करा आणि लिहा, ‘दादा, हे वर्षाचे. तू पाठवणार असशील आणि आईची ना नसेल तर गाडी राहील. एक महिना थांबते.’ मग खरंच एक महिना थांबा. तो ‘हो’ म्हणाला आणि पैसे आले, तर मला आनंदच आहे. तुम्ही सांगलीत माणूस शोधायला लागा. तो गप्प बसला तर त्याचं उत्तर मिळालं असं समजा आणि त्याच्यावर रागावू नका. बहुतेक माणसं दुरून डोंगर साजरे बघतात, तेही एक बघणंच आहे.

राहता राहिलं ते वाक्य, ज्याने तुमची झोप उडवलीय. ‘बाबांनाच विकल्यासारखं वाटेल.’

तुमच्याच पत्रातली एक ओळ पुन्हा वाचा. 1984मध्ये बाबांनी ती मिरजेच्या एका डॉक्टरांकडून घेतली. त्या डॉक्टरांच्या घरातही तेव्हा सतरा वर्षं ती गाडी होती. त्यांचीही मुलं तिच्यातून शाळेत गेली असतील. नवी फियाट नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस, म्हणजे ती त्यांनी सहज म्हणून घेतलेली नसणार. एके दिवशी त्यांनी किल्ली एका तरुण मास्तरांच्या हातात दिली, आणि त्यांच्या घरात कुणाला तरी त्या रात्री बहुधा तुमच्यासारखीच झोप लागली नाही. त्यांनी ‘आठवण आहे’ म्हणून ती मिरजेच्या बंगल्यात झाकून ठेवली असती तर तुमच्या बालपणात आकाशी फियाट नसती. तुमचे बाबा कुणीतरी विकलेल्या गाडीचेच मालक होते, आणि त्यांच्या मनात त्या डॉक्टरांबद्दल काय होतं हे मला तुमच्याकडून कधीतरी ऐकायला आवडेल.

तेव्हा माझं मत विचारलंत म्हणून सांगतो, आईला गाडी नकोशी असेल आणि दादाचा महिना नुसताच गेला, तर विका. पण 1,60,000ला नाही, आणि या गृहस्थांना नाही. भाव किती ते मी इथे बसून सांगणार नाही, गाडी न बघता भाव सांगणारा माणूस एक तर दलाल असतो नाही तर जावई. ऑनलाइन जाहिरातींतले आकडेही धरू नका, त्या नुसत्या मागण्या असतात. गाडी चालू करून, धुऊन, उन्हात नीट फोटो काढून पुण्या-कोल्हापुरातल्या जुन्या गाड्यांच्या मंडळींना दाखवा. तीन वेगवेगळ्या माणसांकडून आकडे आले की तुम्हाला खऱ्या भावाचा अंदाज येईल. 2005च्या पुराची गोष्ट लपवू नका. ती सांगितलीत तर बाबांची वर्षभराची मेहनतही सांगता येते, आणि लपवलीत तर पहिलाच जाणकार मिस्त्री पेचकसाने ती शोधून काढेल. पैसे बँकेतून घ्या. घरच्या वापराची गाडी आयकरात वैयक्तिक वस्तू धरली जाते, त्यामुळे भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही, तरी तुमच्या सीएंना एकदा विचारा. आणि तिघांचे हिस्से त्याच दिवशी वेगळे करा, ‘नंतर बघू’ नको. माझ्या मते सगळे आईला द्यावेत, पण तो तुमच्या घरचा प्रश्न.

घेणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: तुम्ही ही कुठे चालवणार? ‘हॉटेलच्या दारात शोला लावणार’ म्हणणारा वीस हजार जास्त देत असला तरी मी दुसऱ्याकडे बघेन. कुणी सुचवेल की एखाद्या कॉलेजला भेट द्या, नावाची पाटी लावतील. पाटी चकचकीत राहते, पण व्हरांड्यातल्या गाडीचं काय होतं हे कुठल्याही जुन्या कॉलेजात जाऊन बघून या. बाबांच्या मिस्त्रींना मात्र नक्की विचारा. अशा गाड्यांना पुष्कळदा मिस्त्रीच्याच ओळखीत घर मिळतं, आणि काही वेळा तो खाली बघत हळूच म्हणतो, मीच घेतो, हप्त्याने चालेल का? तसं झालं तर चार पैसे कमी घ्या. पण कागद तरीही पूर्ण करा.

तुमच्या सहाव्या पानावर बाबांच्या डायऱ्यांचा उल्लेख आहे. पेट्रोल, किलोमीटर, बदललेले भाग, सगळं तारीखवार. घेणारा त्या मागेल, आणि त्याला त्यांचा खराच उपयोग आहे, कारण 2005नंतर इंजिनात काय काय बसवलंय ते फक्त तिथे लिहिलेलं आहे. झेरॉक्स द्या. मूळ डायऱ्या आणि पान्यांचा डबा तुमच्याकडे राहू द्या. टॉर्च तुम्ही धरायचात, म्हणजे कुठला पाना कुठे लागतो हे या घरात आता तुम्हालाच माहीत आहे.

विकण्यापूर्वी, गाडी चालू झाल्यावर आणि विमा, नाव, पीयूसी जागेवर आल्यावर, आईला पुढच्या सीटवर बसवून एक फेरी मारा. गिअरचा दांडा जमत नसेल तर मिस्त्री चालवतील, तुम्ही मागे बसा. कुठे जायचं ते तिला विचारा. ती ‘कुठेही’ म्हणेल. पुन्हा विचारा.

हे सगळं व्हायला दोन-तीन महिने लागतील. या शनिवारी मात्र तीन कामं करून परता. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा. गाडीवर प्लॅस्टिक असेल तर काढून जुनी सुती चादर टाका. आणि मिस्त्री आले की चाकं जाम नाहीत ना बघून, सगळ्यांनी मिळून गाडी चार फूट मागे ढकला. तेवढ्याने तुळशीला जागा होते का, आईला विचारा.